बाबांच्या जठरात जिस्टची गाठ निघालीय, आधी गोळी की आधी ऑपरेशन?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

बाबा ६१ वर्षांचे, कराडजवळ गावी असतात, ऊस आणि दोन म्हशी, गुडघेदुखी सोडली तर आजवर कसली तक्रार नाही. दिवाळीपासून दम लागायला लागला, शेतातनं घरी येताना दोनदोनदा बांधावर बसायचे, रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ७.१. लोहाच्या गोळ्या दिल्या, दोन महिने घेतल्या. मधे एकदा ते आईला म्हणाले होते की शी काळी होतीय, पण लोहाच्या गोळीनं तशी होतेच असं सगळेच म्हणाले म्हणून कुणी मनावर घेतलं नाही, आणि ती नुसती काळी नव्हती, डांबरासारखी चिकट होती, दोन तांबे पाणी टाकलं तरी जायची नाही, हे आईनं मला फार उशिरा सांगितलं. फेब्रुवारीत पहाटे मोरीत चक्कर येऊन पडले. हिमोग्लोबिन ५.८. चार पिशव्या रक्त चढवलं.

दुर्बीण घातली तर जठराच्या वरच्या भागात, अन्ननलिका येऊन मिळते त्याच्या अगदी जवळ, आतून फुगवटा आणि त्याच्यावर एक व्रण. तुकडा तपासायला दिला, रिपोर्ट आला नुसती सूज. आईनं मारुतीला नारळ फोडला. मग सीटी केला तर ७.४ सेंटीमीटरची गाठ, बरीचशी जठराच्या बाहेरच्या अंगाला. पुण्यात आणून एंडोस्कोपिक सोनोग्राफी केली, सुईनं नमुना घेतला, त्यात लिहून आलं स्पिंडल सेल ट्यूमर, सीडी ११७ पॉझिटिव्ह, डॉग १ पॉझिटिव्ह, जिस्ट.

आता एक सर्जन म्हणतात लगेच काढू पण जागा अवघड आहे, जठराचा मोठा भाग, कदाचित सगळंच काढावं लागेल. दुसरे म्हणतात सहा-आठ महिने इमॅटिनिबची गोळी देऊ, गाठ आकसली की मग काढू, पण त्याआधी म्युटेशन टेस्ट करा, रिपोर्टला पंधरा-वीस दिवस लागतील. भावानं गोळीचं नाव मोबाईलवर टाकून बघितलं तर ती ब्लड कॅन्सरची निघाली, त्यामुळे तो आता डॉक्टरांवरच संशय घेतोय. काका म्हणतात गाठीला सुई लावलीच का, लोखंड लागलं की पसरतं. बाबा काही बोलत नाहीत, फक्त विचारतात तोडणीपर्यंत घरी जाईन ना.

हा कॅन्सर आहे का? टेस्टसाठी वीस दिवस थांबणं बरोबर आहे का? कुणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.

सूक्ष्मदर्शी

ताई, मी पॅथॉलॉजिस्ट आहे. ऑपरेशन कधी करायचं ते तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं, मी माझ्या टेबलावरचा भाग सांगतो.

पहिल्या तुकड्यात नुसती सूज का आली ते आधी सांगतो, कारण पुष्कळ घरांत त्यावरून भांडणं होतात. जिस्ट, म्हणजे गॅस्ट्रोइंटेस्टायनल स्ट्रोमल ट्यूमर, जठराच्या आतल्या अस्तरातून उगवत नाही, त्याच्या खालच्या स्नायूच्या थरातून उगवते. दुर्बिणीचा चिमटा वरवरचं अस्तर तोडून आणतो. भिंतीच्या पोटात ओल असावी आणि आपण वरचा रंग खरवडून तपासायला द्यावा तसं ते होतं. एंडोस्कोपिक सोनोग्राफीत सुई थेट त्या थरात जाते म्हणून निदान झालं.

आपलं जठर आणि आतडी आपोआप हलत असतात, त्या हालचालीचा ठेका धरणाऱ्या पेशी स्नायूच्या थरात असतात, काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाचं नाव आहे त्यांना. जिस्ट याच पेशींच्या कुळातली. या पेशींवर किट नावाचं प्रथिन असतं, सीडी ११७ म्हणजे तेच, आणि डॉग १ ही जिस्ट ओळखायची दुसरी खूण. एरवी ते बाहेरून निरोप आला की चालू होतं आणि काम झालं की बंद. जीनमधे बिघाड झाला की बटण चालूवरच अडकून बसतं आणि पेशी वाढतच राहतात. हे १९९८ साली जपानमधल्या हिरोता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, त्याआधी आम्ही लोक यातल्या बहुतेक गाठींना स्नायूची गाठ म्हणून मोकळे व्हायचो. इमॅटिनिब त्या अडकलेल्या बटणावर जाऊन बसते. एका प्रकारच्या ब्लड कॅन्सरमधे असंच एक दुसरं बटण अडकलेलं असतं आणि तीच गोळी त्यालाही बंद करते, म्हणून भावाला तसं दिसलं. गोळी बरोबरच आहे, त्याला सांगा.

कॅन्सर आहे का, याचं उत्तर हो. पण पोटाचा कॅन्सर म्हटल्यावर आपल्या डोळ्यासमोर जो येतो तो हा नाही, हा सार्कोमाच्या, म्हणजे स्नायू-चरबीसारख्या आधाराच्या पेशींतून उगवणाऱ्या गाठींच्या गटातला, आणि याची जात किती खट्याळ ते गाठीचा आकार, जागा आणि पेशींच्या विभाजनाचा वेग यावरून ठरतं. जठरातली ५ ते १० सेंटीमीटरची गाठ आणि ५ चौरस मिलिमीटरमधे विभागणाऱ्या पेशी ५ किंवा त्याहून कमी, तर पुढे पसरण्याची शक्यता साधारण ३.६ टक्के. तेवढीच गाठ पण पेशी ५ हून जास्त, की तोच आकडा ५५ टक्के. तीच पहिली गाठ लहान आतड्यात असती तर ३.६ चे २४ झाले असते. सुईच्या नमुन्यात मात्र मोजण्याएवढा ऐवज बहुतेक वेळा नसतो, त्यामुळे तुमच्या रिपोर्टात हा आकडा नसेल तर घाबरू नका.

आता म्युटेशन, म्हणजे जीनमधला बिघाड. किटच्या जीनमधे एक्झॉन ११ चा (एक्झॉन म्हणजे जीनचा एक तुकडा) बिघाड असेल, आणि साधारण दोन तृतीयांश पेशंटमधे तोच असतो, तर ४०० मिलिग्रॅमला गाठ छान ऐकते. एक्झॉन ९ असेल तर डोस ८०० पर्यंत न्यावा लागतो, तो जास्त करून लहान आतड्यात सापडतो. पण जठरातल्या काही गाठींत बिघाड किटमधे नसतोच, पीडीजीएफआरए नावाच्या दुसऱ्या जीनमधे असतो, आणि त्यातला डी८४२व्ही हा प्रकार असेल तर इमॅटिनिबचा काहीही उपयोग होत नाही. म्हणजे सहा महिने गोळी खाल्ली, गाठ जिथल्या तिथे, आणि मधल्या काळात ऑपरेशन लांबलं. बाबांची गाठ जठरातली आहे आणि आधी गोळी द्यायची चाललीय, म्हणून तुमच्या केसमधे ही टेस्ट आधीच व्हायला हवी. वीस दिवस वाया जात नाहीत.

आणि ब्लॉक. तुमच्या नमुन्याचा मेणाचा ब्लॉक लॅबमधे असतो, कॅरमच्या सोंगटीएवढा प्लास्टिकचा चौकोन, त्यावर नंबर आणि मेणात अडकलेला तांदळाच्या कणीएवढा तुकडा. बाबांच्या आजाराचं सगळं खरंखोटं त्या कणीत आहे. अर्ज करा, सही करा, ताब्यात घ्या. नुसत्या काचा (स्लाइड) पाठवू नका, ब्लॉक पाठवा, आणि उरलेला परत मागा. उन्हात गाडीत ठेवू नका, मेण आहे ते.

बेळगाव_सर्जन

वरच्या डॉक्टरांनी बहुतेक सगळं सांगितलंय. काकांच्या शंकेबद्दल थोडं, कारण ओपीडीत मला रोज कुणीतरी हे विचारतं आणि आम्ही पेशंटला हसून गप्प करतो, ते बरोबर नाही.

लोखंड लागलं की पसरतं हे खरं नाही. पण जिस्टपुरती त्यात एक खरी गोष्ट आहे. ही गाठ आतून मऊ असते, तिच्यावर पातळ पापुद्रा असतो, आणि ती पोटात फुटली तर पेशी पोटाच्या पोकळीत सांडतात आणि पुढे तिथे रुजतात. फुटलेली गाठ आम्ही थेट जास्त जोखमीत धरतो, आकार काहीही असो. म्हणून पोटाच्या बाहेरून सुई घालायला आम्ही कचरतो आणि जठराच्या आतून घातलेली सुई चालते. तुमची तशीच घातलीय, काकांना शांत झोपायला सांगा. ऑपरेशनमधेही गाठ चिमट्यात न पकडता, न दाबता, भोवतीच्या थोड्या चांगल्या भागासकट अख्खी काढायची असते, दुर्बिणीनं काढली तर पिशवीत घालून बाहेर काढायची. आजूबाजूच्या लसीकाग्रंथी खरवडून काढायची सहसा गरज नसते, कारण ही जात त्या वाटेनं क्वचितच जाते, गेली तर लिव्हरमधे किंवा पोटाच्या पडद्यावर जाते. त्यामुळे जठराची गाठ सोयीच्या जागी असली की छोटा तुकडा कापून भागतं. तुमची जागा सोयीची नाही. अन्ननलिकेच्या तोंडाशी ७ सेंटीमीटर म्हणजे आज काढायला गेलो तर वरचं जठर जाणार, आणि ६१ व्या वर्षी वरचं जठर गेलेला माणूस आयुष्यभर घास मोजून खातो, रात्री आडवं झालं की घशाशी येतं, वजन उतरतं. गाठ आकसली तर हे टळू शकतं, म्हणून मी तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांच्या बाजूनं आहे.

एकच अट. रक्तस्राव थांबलेला हवा. परत काळी चिकट शी, चक्कर, घाम, असं काही झालं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट कॅज्युअल्टी गाठा, मग कदाचित ऑपरेशन आधी करावं लागेल. आणि गुडघ्यासाठी बाबा डायक्लोफिनॅक किंवा तसली दुखण्याची गोळी घेतायत का ते आजच विचारा. घेत असतील तर बंद. मेडिकलवाल्याकडून सुटी गोळी घेतलेली माणसं डॉक्टरांना सांगत नाहीत.

इंद्रायणी_७

ताई, माझ्या मिस्टरांना २०१७ ला लहान आतड्यात निघाली, ९ सेंटीमीटर, ते तेव्हा ४९ चे. तुमचं वाचून सगळं डोळ्यापुढे आलं.

ब्लॉकचं सांगितलंय ना वर, ते मनावर घ्या. आमचं ऑपरेशन जिथे झालं तिथून चार वर्षांनी ब्लॉक मागितला तर सापडेना, एकजण सांगतो स्टोअरला, स्टोअरवाला सांगतो बाहेरच्या लॅबला, मी पाच आठवडे हेलपाटे घातले आणि शेवटी एका खोक्यात तळाशी मिळाला. त्या पाच आठवड्यांत मी जेवढी रडले तेवढी ऑपरेशनच्या वेळीही नाही.

आमचं असं झालं की ऑपरेशननंतर तीन वर्षं गोळी घेतली, जास्त जोखीम म्हणून. मी नंतर वाचलं की तीन वर्षं का ते एका मोठ्या अभ्यासातून ठरलंय, त्यात एक वर्ष गोळी घेतलेल्यांपैकी पाच वर्षांनी सुमारे ८२ टक्के हयात होते आणि तीन वर्षं घेतलेल्यांपैकी ९२. आमची तीन वर्षं संपली, गोळी थांबली, आम्ही अष्टविनायक करून आलो, आणि चौदा महिन्यांनी सीटीत लिव्हरवर दोन ठिपके. तेव्हा ब्लॉक शोधला, टेस्टमधे एक्झॉन ९ आला. म्हणजे आता डोस दुप्पट हवा होता. आता सकाळी ४०० आणि रात्री ४००, तेव्हापासून ठिपके तिथेच आहेत, वाढले नाहीत. पण आता गोळी थांबवायची नाही, थांबवली की परत डोकं वर काढतं, हे आम्हाला डॉक्टरांनी तोंडावर सांगितलंय.

रोजच्या गोष्टी सांगते. गोळी भरल्या पोटी, आणि वर मोठा पेला भरून पाणी, दोन घोट नाही. उपाशीपोटी घेतली तर हमखास उलटी. सकाळी डोळ्यांखाली एवढी सूज की ओळख पटत नाही, ती दुपारी उतरते, आम्ही जेवणात मीठ कमी केलं आणि उशी उंच केली. रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, झोपेतून ओरडत उठायचे, पोटऱ्या चोळून द्यायच्या. सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी रक्त तपासलं, पांढऱ्या पेशी आणि लिव्हर बघतात. ग्रेपफ्रूट खायचं नाही असं कागदावर लिहिलेलं असतं, ते आपल्याकडे कोण खातं म्हणून सोडून दिलं होतं, पण गणपतीत पपनस येतं ना घरी, ते त्याच कुळातलं, ते आम्ही बंद केलं.

आणि हे आधीच सांगून ठेवते कारण आमची इथे फार फसगत झाली. गोळी परत सुरू केल्यावर तीन महिन्यांनी सीटी केला तर एक ठिपका २ मिलिमीटरनं मोठा. मी तिथेच खाली बसले. डॉक्टरांनी स्क्रीनवर दोन्ही फोटो शेजारी लावले, आधीचा ठिपका पांढुरका आणि आताचा काळा, पाण्याच्या फुग्यासारखा. म्हणाले ही आतून मरतेय, मरताना थोडी फुगते, मापाकडे बघू नका, रंगाकडे बघा. तुमच्या बाबांचा पहिला सीटी येईल तेव्हा रेडिओलॉजिस्टला जिस्ट आहे आणि इमॅटिनिब चालू आहे हे लिहून द्या, नाहीतर नुसत्या मापावरून वाढली असा रिपोर्ट येऊ शकतो.

नागपूर_ते_नाशिक

पैशाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो, माझ्या मेव्हण्याचं सगळं मीच बघतो.

ब्रँडच्या नावावर अडू नका. इमॅटिनिबवरच्या पेटंटचा खटला आपल्याकडे सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, १ एप्रिल २०१३ ला कोर्टानं नोव्हार्टिसचा अर्ज फेटाळला, तेव्हा मूळ कंपनीची महिन्याची गोळी लाखाच्या वर होती आणि आपल्या कंपन्यांची आठ-दहा हजारांच्या आसपास. आता तर आणखी खाली आलीय. आम्ही भारतीय कंपनीचीच घेतो, फक्त दर महिन्याला कंपनी बदलत नाही आणि पक्कं बिल घेतो. ऑपरेशनसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला ॲडमिट व्हायच्या आधी विचारा, नंतर कागद फिरवणं अवघड जातं. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव एकच आहे ना ते आत्ताच बघा, आमचं एका वेलांटीवरून आठ दिवस अडलं होतं. परळला टाटामधे एकदा फाईल दाखवून या, उपचार पुण्यात घेतले तरी चालतील, पण हा आजार दहा लाखांत वर्षाला दहा-पंधरा जणांना होणारा, रोज बघणारा माणूस एकदा तरी बघू दे.

आणि बाबांना हे सांगा. २००० सालच्या मार्चमधे फिनलंडला हेलसिंकीत एका पन्नाशीच्या बाईला जगात पहिल्यांदा जिस्टसाठी ही गोळी दिली, सगळ्या पोटात पसरलेलं होतं, दुसरं काही उरलं नव्हतं, आणि महिनाभरात गाठी आकसायला लागल्या. त्याच्या आधी या आजाराला केमो जवळजवळ लागूच पडत नव्हती. आता ही गोळी थकली तर सुनिटिनिब आहे, त्यानंतर रेगोराफेनिब, त्यानंतर रिप्रेटिनिब. मेव्हणा सुनिटिनिबवर आहे, तळपायाला सालं निघतात, पण दुकानात बसतो.

स्नेहल_म

माझ्या आत्यांना गाठीसाठी एक काढा लागू पडला होता, वैद्यांचा नंबर देऊ का? गोळीसोबत घेतला तर चालेल ना.

सूक्ष्मदर्शी

स्नेहलताई, तुमच्या मनात चांगलंच आहे, पण इथे नको. इमॅटिनिब लिव्हरमधल्या ज्या वाटेनं शरीराबाहेर जाते ती वाट पुष्कळ औषधांची सामाईक आहे. टीबीचं रिफाम्पिसिन, फिटचं फेनिटॉइन चालू असेल तर गोळी रक्तात टिकत नाही, बुरशीची काही औषधं घेतली तर प्रमाणाबाहेर वाढते. काढ्यात काय काय आहे हे कुणालाच माहीत नसतं, त्यामुळे तो कुठल्या बाजूला ओढेल सांगता येत नाही, आणि लिव्हर बिघडलं तर इमॅटिनिबच थांबवावी लागते. जे काही घेताय ते सगळं, चूर्णसुद्धा, डॉक्टरांपुढे पिशवीतून काढून ठेवा.

कोयनाकाठ

सगळ्यांची खूप आभारी आहे. बेळगावच्या डॉक्टरांनी म्हटलं तसंच निघालं, गादीखाली डायक्लोफिनॅकची अर्धी पट्टी सापडली, ऊसतोडणीच्या दिवसांत रोज दोन घेत होते, आईलाही माहीत नव्हतं. बंद केली. शीचा रंग आई रोज बघतेय. ब्लॉक ताब्यात घेतला आणि टेस्टला पाठवला. भावाला तुमचं बटणाचं वाचून दाखवलं, तो स्वतः कुरिअरला गेला.

कोयनाकाठ

उशिरा लिहितेय, माफ करा, डिसेंबर उजाडला.

रिपोर्ट अठरा दिवसांनी आला, एक्झॉन ११. एप्रिलपासून ४०० ची गोळी. डोळे सुजायचे, गोळे यायचे, इंद्रायणीताईंनी सांगितलेलं सगळं त्याच क्रमानं झालं त्यामुळे आम्ही घाबरलो नाही. जुलैच्या सीटीत ६.१ आणि गाठ काळी पडलेली, ऑक्टोबरात ४.५. नोव्हेंबरात दुर्बिणीनं ऑपरेशन झालं, जठराचा छोटा तुकडाच काढला, अन्ननलिकेचं तोंड शाबूत राहिलं, गाठ न फुटता पिशवीतून अख्खी बाहेर आली, कडा स्वच्छ. हिमोग्लोबिन १२.२. विभागणाऱ्या पेशी आता १ आल्या, पण गोळी खाल्ल्यानंतरचा आकडा धरायचा नसतो म्हणाले, म्हणून पुढे गोळी चालूच, सगळी मिळून तीन वर्षं, आणि सुरुवातीला दर चार महिन्यांनी सीटी.

सूक्ष्मदर्शी सर, एक विचारायचं होतं. नवीन ब्लॉक पण मागून घेतलाय, दोन्ही आईनं स्टीलच्या डब्यात घालून कपाटात ठेवलेत, चुलीपासून लांब. कराडला उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात चाळीसच्या वर जातं. चालेल, की पुण्याला माझ्याकडे आणून ठेवू?

सूक्ष्मदर्शी

मेण साधारण ५५-६० डिग्रीला वितळतं, त्यामुळे लगेच काही होणार नाही, पण पत्र्याखाली नको. पुण्याला आणा, आणि डब्यावर नंबर आणि तारीख लिहून ठेवा.